मुद्दाम

माझं लग्न दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा मरणानं मोडलं. पहिल्यांदा होणाऱ्या नवऱ्याचा, कुलदीपचा, आजा गेला. दुसऱ्यांदा पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडवाचे बांबू रोवले होते, आणि चार दिवस आधी माझा धाकटा चुलता विजेच्या तारेला चिकटून गेला. सुतकात हळद लागत नाही. मग लोक काय म्हणाले असतील? पोरीचा पायगुण! मेलेल्याला कुणी काही म्हणत नाही, जिवंत पोरीला सगळे म्हणतात.

तिसरी तारीख निघाली १८ मे १९९९. त्याच महिन्यात परभणीतून फुटून आमचा हिंगोली जिल्हा नवा झाला होता, गावागावात गुलाल उधळून राहिले होते. माझ्या डोक्यात जिल्हा नव्हता. सासरचा तांडा कनेरगाव नाक्याच्या पलीकडं. ते लोक तोंडावर सांगून गेले होते की यावेळी काही आडवं आलं तर आमी कुलदीपला दुसरी पोरगी बघू. आणि आडवं यायला तयारच होतं. माझ्या बापाची चुलती रुख्मिणीबाई, नव्वदीची म्हातारी, कुरुंद्याला लेकीच्या घरी सहा महिन्यांपासून खाटेवर पडून होती. आज जाते का उद्या. मी रोज सकाळी देवीला हात जोडायची, हिला अठरा तारखेपर्यंत ठेव. त्यात माया नव्हती, स्वार्थ होता. उगाच खोटं कशाला बोलू?

आमचा तांडा सिद्धेश्वरच्या धरणाच्या अंगाला. पोस्ट कोसभर लांब, गावात. पोस्ट म्हणजे इनायत चाचाच्या घराची पुढची खोली. एका बाजूला टपालाचं टेबल आणि शिक्के, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन. सकाळी पोस्टमास्तर, दुपारी स्वतःच पत्रं वाटणारा पोस्टमन, उरलेल्या वेळेत शिंपी. सव्वीस वर्षं हेच.

लग्नाच्या ब्लाऊजचं माप द्यायला गेले तेव्हा मीच विषय काढला. कुणी मला पाठवलं नव्हतं. बाला माहीत नव्हतं, याडीला, म्हणजे माझ्या आईला, माहीत नव्हतं.

"चाचा, येक काम व्हतं."

"बोल ना बेटा."

"कोपरा फाटलेलं पत्र आलं आमच्या घरचं, तर लगीन होईस्तोर आनू नका."

आमच्याकडं मयतीचं पत्र असलं की लिहिणारा त्याचा वरचा कोपरा फाडतो. म्हणजे हातात घेताच कळतं, मग लेकराबाळांपुढं कुणी ते उघडत नाही, आंघोळीचं पाणी ठेवूनच उघडतात. आणि ज्याच्या घरी लग्न आहे असा एखादा कर्ता माणूस आधीच पोस्टात सांगून ठेवतो की तसलं काही आलं तर हळद उतरल्यावर द्या. सुतक कळल्यापासून लागतं, कळलंच नाही तर लागत नाही. सगळा गाव हे करत होता.

चाचानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "तुज्या बानं सांगितलं?"

"व्हय," मी म्हणाले.

"सरकारी काम हाय, बेटा. असं ठेवता येत न्हाई." मग हसले. "लोकं सांगतात, मी ठेवतो. बस, कुटं बोलायचं न्हाई. तुजं लगीन तिसऱ्या टायमाला न्हाई मोडू देत मी."

मी नाचत घरी आले. खरंच, बांधावरून नाचत आले.

माझा थोरला भाऊ देवला सोलापूरकडं एका इमारतीच्या कामावर होता. हळदीच्या दिवशी पोचतो म्हणाला होता. हळद लागली, तो आला नाही. लग्न लागलं, आला नाही. आमच्यात नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. ते रडून म्हणायचं गाणं असतं, आईबापाच्या आणि भावाच्या गळ्यात पडून. माझ्या ढावलोला भाऊच नव्हता. याडी सगळ्यांपुढं म्हणाली, "सख्ख्या बहिनीच्या लग्नाला येत न्हाई, असला लेक असून काय कामाचा! मेला तरी बरं." हे ती रागानं बोलली. आईच ती, दुसरं कोण बोलणार. पण बोलली, आणि तीसेक माणसांनी ऐकलं.

पाचव्या दिवशी, २३ तारखेला, मी मांडवपरतणीला माहेरी आले. दुपारी इनायत चाचा आले. डोक्याला रुमाल बांधलेला, चेहरा दुखवट्याचा. ओट्यावर टेकले आणि निळं आंतरदेशीय पत्र बाच्या हातात ठेवलं. वरचा कोपरा फाटलेला.

"तेरा तारखेला आलं व्हतं, किसनभाऊ. पोरीच्या लग्नामुळं मागं ठेवलं. मालकाची मर्जी."

बाला वाटलं, रुख्मिणीबाई गेली. मलाही तेच वाटलं. याडीनं आंघोळीचं पाणी चुलीवर ठेवायला घेतलं. घरात वाचणारी मी एकटीच, दहावी झालेली. मी पत्र फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले.

पत्र देवलासोबत काम करणाऱ्या संतराम नावाच्या माणसाचं होतं. नऊ मे तारीख. देवला परांचीवरून पडला, पाय मोडला, जखम चिघळली, सरकारी दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणतात पाय कापला तर माणूस वाचतो. देवला कापू देत नाही, म्हणतो माझा बा आल्याबिगर मी अंगठा उठवणार नाही. शुद्धीवर आहे, बोलतो, जेवतो. पत्र मिळताच निघा, उशीर करू नका.

मी "निघा" पर्यंत वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. बा उठला, पायताण घातलं, खुंटीवरचा सदरा घेतला आणि चालायला लागला. चाचा त्याच्या मागं पळाले, "मी बी येतो, किसनभाऊ, मी येतो." बानं त्यांच्याकडं बघितलं नाही.

देवला २१ तारखेला गेला होता. म्हणजे माझी हळद उतरत होती त्या दिवशी. बा पोचला तेव्हा संतरामनंच अग्नी दिला होता, राख एका डब्यात बांधून ठेवली होती. संतरामनं बाला सगळं सांगितलं. देवला रोज विचारायचा, पत्र पोचलं असंल का रे? पोचलं असंल, संतराम म्हणायचा. मग येऊन राहिले असतील. शेवटच्या दोन दिवसांत ताप डोक्यात गेला, तेव्हा दारात कुणीही आलं की म्हणायचा, बा आला. डॉक्टर म्हणाले, सोळा-सतरापर्यंत सही मिळाली असती तर पाय गेला असता, पोरगा राहिला असता.

आणि कोपरा? संतराम रडायला लागला. पत्राला डिंक नव्हता म्हणून त्यानं दवाखान्यातल्या भाताच्या शितांनी चिकटवलं. वाकडं चिकटलं. उचकटून नीट करायला गेला तर कोपरा निघून आला. दुसरं पत्र आणायला पोस्ट लांब होतं, देवलाजवळ कुणी नव्हतं. म्हणाला, जाऊ द्या, अक्षर तर दिसतंय.

आता सांगा, कुणाला शिव्या घालायच्या?

बाला कुणाला तरी घालायच्याच होत्या, आणि त्यानं सरकार धरलं. इनायत चाचाला तो काही बोलला नाही. फक्त एकदाच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, मी तुमाला सांगितलं न्हाई. हिच्या याडीनं सांगितलं न्हाई. मंग काहून ठेवलं?"

मी बाच्या मागंच उभी होते. चाचाची नजर माझ्यावर आली. त्यांना तेव्हाच कळलं की मी बाचं नाव खोटं सांगितलं होतं. चाचा म्हणाले, "माजी अक्कल गेली, किसनभाऊ."

बस. एवढंच म्हणाले. मी घरी आले, आणि त्या रात्री पोटभर जेवले. सुटले होते ना!

हिंगोलीला माणिकराव म्हणून वकील होते, गरिबाचं काम करणारे. त्यांनी ग्राहक मंचात तक्रार लावली. एक नंबरला सरकार, दोन नंबरला टपाल खातं, तीन नंबरला इनायत चाचा. माणिकरावांनी विचारलं, "काय मागायचं?" बा म्हणाला, "सरकारनं कागदावर लिवून द्यावं की आमची चूक झाली, तुमचा पोरगा आमच्यामुळं गेला. शिक्का मारून." माणिकराव म्हणाले, तसं मागता येत नाही, आकडा घालावा लागतो. बा म्हणाला, "आकडा तुमी घाला. मला कागद पायजे."

दीड वर्ष तारखा चालल्या. मी सासरहून यायची, कारण पत्र वाचणारी साक्षीदार मीच. सरकारचा जबाब आला तेव्हा माणिकरावांनी आम्हाला झाडाखाली बसवून समजावलं. १८९८ सालचा कायदा आहे. कलम सहा. पत्र हरवलं, उशिरा आलं, चुकीच्या माणसाला गेलं, फाटलं, तरी सरकार जबाबदार नाही. सरकारवर दावा लागत नाही.

"अठराशे?" बा म्हणाला. "म्हंजे इंग्रजाचा?"

"इंग्रजाचा."

"मंग इंग्रज गेले न्हाईत का?"

"ते गेले, कायदा राहिला."

"आमच्याकडं तर निजाम व्हता!" बा चिडून म्हणाला. "इंग्रजाचं इथं काय काम?" माणिकरावांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. मला मात्र वाटलं, बरोबरच तर बोलतोय. टपाल त्यांचं, पेटी त्यांची, शिक्का त्यांचा, माणूस त्यांचा. आणि पत्र पोचलं नाही की हात वर! कोणत्या किराणा दुकानदाराला असं चालतं?

"एक फट आहे," माणिकराव म्हणाले. "पोस्टाच्या माणसानं लबाडीनं किंवा मुद्दाम केलं असेल तर तो माणूस स्वतः जबाबदार. सरकार तरी नाहीच. पण तो. सगळी केस आता त्या एका शब्दावर आहे. मुद्दाम. तो नजरचूक म्हणाला तर तोही सुटतो, तुमच्या हातात काही राहत नाही." मग त्यांनी चष्मा पुसला. "आणि समजा तुमच्या घरातल्याच कुणी पत्र थांबवायला सांगितलं असेल, तर मात्र केस तिथंच खलास. मग तो कुणाचाच गुन्हा नाही. तसं काही नाही ना?"

"न्हाई," बा म्हणाला.

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. इतका त्याचा भरवसा.

इनायत चाचाकडं खात्याचा साहेब येऊन गेला होता. गावात सगळ्यांना कळलं होतं तो काय म्हणाला. लिहून दे की पत्र टपालाच्या पिशवीत तळाला राहून गेलं, नजरचुकीनं. तू बी सुटतो, खातं बी सुटतं. नोकरी राहील, शिक्षा म्हणून चार ओळींचा मेमो येईल. शहाणा माणूस काय करेल? माझी खात्री होती की चाचा तेच लिहून देणार. खरं सांगते, मला तेच हवं होतं. नजरचूक म्हटलं की सगळं मिटलं असतं. बा हरला असता, पण मी वाचले असते.

साक्षीच्या दिवशी आधी मला उभं केलं. याडी समोरच्या बाकावर बसली होती, पदर तोंडात धरून. देवला गेल्यापासून तिनं एका वाक्यापायी स्वतःला जाळून घेतलं होतं. मेला तरी बरं, असं मीच म्हणाले आणि देवानं ऐकलं, हेच दिवसरात्र. तिला वाटायचं, तिच्या जिभेनं लेक खाल्ला.

सरकारी वकिलानं मला पत्राची तारीख विचारली, कोपऱ्याचं विचारलं. मग सहज, कागद चाळत विचारलं, "लग्नाआधी पत्र थांबवून ठेवा असं पोस्टमास्तरला तुमच्या घरातलं कुणी बोललं होतं का?"

एक शब्द बोलायचा होता. व्हय. एवढाच. त्या शब्दानं चाचा सुटले असते, याडी सुटली असती. तिला कळलं असतं की देवानं तिचं ऐकलं नव्हतं, पोस्टमास्तरनं माझं ऐकलं होतं.

"न्हाई," मी म्हणाले.

खाली उतरताना मी स्वतःला सांगितलं की हे बासाठी केलं, नाही तर त्याची केस खलास झाली असती. थू! भीती होती, दुसरं काही नव्हतं. सासरी कळलं तर काय, याडीनं तोंड फिरवलं तर काय, हीच भीती.

मग इनायत चाचा उभे राहिले. इस्त्रीचा पायजमा, दाढी नीट कातरलेली. खात्याच्या वकिलानं विचारलं, "पत्र नजरचुकीनं राहिलं, बरोबर?"

"न्हाई साहेब. मुद्दाम ठेवलं."

वकिलानं पुन्हा विचारलं, आवाज वाढवून, जणू म्हाताऱ्याला ऐकू आलं नसेल. "नीट विचार करून बोला. मुद्दाम?"

"मुद्दाम. मला वाटलं मयतीचं हाय. पोरीचं लगीन मोडंल म्हनून मी ते टेबलाच्या खणात ठेवलं. धा दिवस ठेवलं. रोज बघत व्हतो."

माणिकराव तडकन उठले. "कुणाच्या सांगण्यावरून?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं नाही. एकदाही नाही. मी त्यांच्याकडंच बघत होते म्हणून मला माहीत.

"कुनाच्या न्हाई. माज्या अकलेनं. या मानसाचं पोरगं माज्यामुळं गेलं. तेला कुनीतरी सांगायला पायजे व्हतं, व्हय, माज्यामुळं गेलं. म्हनून सांगून राहिलो."

बाच्या तोंडातून एक आवाज निघाला. बैल बसकण मारताना काढतो तसा. याडी मोठ्यानं रडायला लागली आणि शिपाई तिला गप्प राहा म्हणाला.

निकाल तीन महिन्यांनी लागला. सरकार आणि खातं, कलम सहाप्रमाणं, मोकळं. खात्याच्या वकिलानं तर उलट लिहून दिलं होतं की माणसानं मुद्दाम केलं, म्हणजे ते खात्याचं कामच नव्हे, त्याचं स्वतःचं. चूक म्हटली असती तरी सरकार सुटलं असतं, मुद्दाम म्हटलं तरी सुटलं. भरपाईचा हुकूम एकट्या इनायत चाचावर निघाला आणि महिन्याभरात खात्यानं त्यांना काढलं. लाल पेटी उचलून दुसऱ्याच्या घरी नेली. भरपाई बानं घेतली नाही. तो निकालाची प्रत घेऊन माणिकरावांकडं बसला आणि म्हणाला, "यात सरकारची चूक झाली आसं कुटं लिवलंय, ते दावा."

"कुठंच नाही, किसनसिंग."

"मंग शिक्का कशाचा हाय?"

सरकार सापडत नाही म्हटल्यावर बाचा सगळा राग इनायत चाचावर गेला. दुसरं कोण होतं समोर? त्यानं तांड्यात सांगितलं, त्या घरात कुणी कपडा शिवायला टाकायचा नाही, रामराम घालायचा नाही. तांड्यानं ऐकलं. लेकरं चाचांना रस्त्यात बघून "पत्रखाऊ, पत्रखाऊ" ओरडायची. सव्वीस वर्षं ज्यांची पत्रं त्यांनी पायी आणून दिली, वाचून दाखवली, त्यांचीच लेकरं.

२००३ च्या उन्हाळ्यात मी माहेरी होते, माझी पोरगी दोन वर्षांची होती. भर दुपारी इनायत चाचाची बायको खुर्शीदबी दारात आली. कोसभर ऊन तुडवून आली होती. बुरख्याची कड धुळीनं भरलेली. बा आत पडला होता. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि हळू बोलली, बाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"बेटा, ते खाटेवर हायत. छातीत पानी झालंय. डॉक्टर म्हनतो, आठ-पंधरा दिवस. मला त्यांनी आज सांगितलं, चार सालानं. मला म्हनाले, कुनाला बोलू नको, पोरीचं घर हाय." "मी कोर्टाचं न्हाई म्हनत. नोकरीचं बी न्हाई. फकत तू तुज्या बाला सांग. तुज्या बानं येकडाव येऊन त्यांच्यापाशी बसावं. यवढंच. रोज दाराकडं बघतात."

माझी पोरगी माझ्या कडेवर होती. आत बाची खाट करकरली.

मी खुर्शीदबीच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "काय सांगू, चाची? मला तर काही माहीत न्हाई."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तांडा गोळा करून माझ्या झिंज्या धरल्या असत्या तर मी आज ही अशी बसले नसते. तिनं फक्त माझ्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, "बरं" म्हणाली, आणि आल्या वाटेनं उन्हात निघून गेली.

"कोन व्हतं गं?" बानं आतून विचारलं.

"इनायत मास्तरची बायको."

"काय पायजे व्हतं तिला?"

"पानी मागत व्हती."

"दिलं का?"

"न्हाई."

"बरं केलं," बा म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.